शेवटच्या पानावरील नाव

महाविद्यालयाच्या वार्षिकांकांचे जुने खंड ग्रंथालयातील एका कपाटात बांधून ठेवलेले आहेत. हे अंक चाळताना आपण सर्वप्रथम छायाचित्रे पाहतो, मग ओळखीच्या नावाची कविता शोधतो, मग स्नेहसंमेलनाचा वृत्तान्त वाचतो. अंकाच्या एका कोपऱ्यात ‘नमुना ४’ या मथळ्याखाली जे निवेदन छापलेले असते, ते मात्र सहसा कोणी वाचत नाही. प्रकाशनस्थळ, प्रकाशनकाल, मुद्रकाचे नाव, प्रकाशकाचे नाव, संपादकाचे नाव, त्या प्रत्येकाचे राष्ट्रीयत्व आणि पत्ता. आणि अखेरीस ही माहिती आपल्या समजुतीप्रमाणे खरी असल्याची प्रकाशकाची सही. वाचण्यासारखे त्यात आहे तरी काय, असे मलाही वाटत असे.

गेल्या वर्षी मराठी वाङ्मय मंडळाच्या भित्तिपत्रकाचे संपादन माझ्याकडे आले आणि माझा हा समज दूर झाला. प्रथम वर्षाच्या एका विद्यार्थिनीने आपल्या गावातील पाण्याविषयी एक लेख आणून दिला. गावात पाण्याची टाकी उभी आहे, पण नळाला पाणी नाही. मुलींना सकाळी विहिरीवर जावे लागते, त्यात एस. टी. ची पहिली गाडी चुकते आणि पहिले दोन तास बुडतात, असा त्याचा आशय होता. बुलढाणा जिल्ह्यातील वाचकाला यात नवल वाटण्याजोगे काही नाही. लेख हातात देताना ती म्हणाली, “ताई, लेख लावा, पण माझं नाव नका टाकू. बाबांना गावातच राहायचं आहे.”

मी तो लेख घेऊन आमच्या प्राध्यापकांकडे गेले. त्यांनी तो वाचला आणि एकच प्रश्न केला, “हिचे नाव नसेल, तर याच्याखाली कोणाचे नाव?”

मला उत्तर देता आले नाही. त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता जे वाचनात आले, ते येथे मांडत आहे. वृत्तपत्रस्वातंत्र्य हा शब्द आपण दरवर्षी ६ जानेवारीला, बाळशास्त्री जांभेकरांच्या ‘दर्पण’ची आठवण काढताना, भाषणांतून ऐकतो. परंतु हे स्वातंत्र्य प्रत्यक्षात कोणाच्या तरी नावावर उभे असते, ही गोष्ट भाषणांत फारशी येत नाही.

कायद्याला नाव कशाला हवे?

इंग्रजी राजवटीत १८६७ साली छापखाने आणि पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा झाला. छापलेल्या प्रत्येक पुस्तकावर व पत्रावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण असलेच पाहिजे, असा त्याचा दंडक होता. नियतकालिक काढणाऱ्याला दंडाधिकाऱ्यापुढे जाऊन तसे लिहून द्यावे लागे. त्यालाच पत्रव्यवसायात ‘डिक्लेरेशन’ म्हणत. पुढे संपादकाचे नावही प्रत्येक प्रतीवर छापणे आवश्यक झाले. वृत्तपत्राच्या शेवटच्या पानाच्या तळाशी ‘हे पत्र अमुक यांनी अमुक छापखान्यात छापून अमुक ठिकाणी प्रसिद्ध केले’ अशी बारीक टायपातील ओळ असते, ती याच कायद्याची देणगी होय. हा कायदा स्वातंत्र्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिला. त्याची जागा घेणारा नवा कायदा २०२३ साली संमत झाला आणि मार्च २०२४ पासून अमलात आला. कचेरीतील अर्जाऐवजी आता संगणकावरून नोंदणी होते, पण नाव द्यावेच लागते.

सरकारला हे नाव हवे होते ते उघडच पकडण्यासाठी. मजकूर कोणी लिहिला हे सिद्ध करणे कठीण. परंतु ज्याने आपले नाव लिहून दिले आहे, त्याच्यावर जबाबदारी ठेवणे सोपे. पण या व्यवस्थेची दुसरी बाजूही आहे. ज्याचे नाव तळाशी आहे, त्याने जर ‘होय, हे माझे’ म्हणून छातीठोकपणे सांगितले, तर मागचा लेखक सुरक्षित राहतो. शासनाने पकडण्यासाठी केलेली सोय ही अशा रीतीने लेखकाची ढाल बनू शकते. मराठी पत्रकारितेचा इतिहास पाहिला तर या एका ओळीभोवती केवढी माणसे उभी राहिली, आणि काही कशी वाकली, हे ध्यानात येते.

पहिला धडा: चुकीचा

‘केसरी’चा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ रोजी निघाला. गोपाळ गणेश आगरकर हे ‘केसरी’चे आणि बाळ गंगाधर टिळक हे ‘मराठा’चे संपादक. कोल्हापूरचे तरुण महाराज शिवाजीराव यांचा छळ होत असून त्यात कारभारी माधवराव बर्वे यांचा हात आहे, असे आरोप या पत्रांनी केले. आरोपांना आधार होता तो काही पत्रांचा. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि ती पत्रे बनावट असल्याचे निष्पन्न झाले. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरीही १८८२ च्या जुलैमध्ये दोघांना चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यात काही सूट मिळून १०१ दिवस त्यांना मुंबईच्या डोंगरी तुरुंगात काढावे लागले. त्या दिवसांची हकीकत आगरकरांनी नंतर लिहून ठेवली आहे.

या खटल्याच्या वेळी जामिनाची व्यवस्था करण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी पुढाकार घेतला आणि त्यांचे स्नेही रामशेठ उरवणे जामीन राहिले. फुल्यांचे आणि या तरुण संपादकांचे सामाजिक प्रश्नांवरील मतभेद पुढे किती तीव्र झाले, हे आपण अभ्यासक्रमात वाचतोच. परंतु संपादक तुरुंगाच्या दारी उभा असताना मते जुळतात की नाही हे त्यांनी पाहिले नाही. आपल्याला न पटणाऱ्या माणसाच्या स्वातंत्र्यासाठीही उभे राहावे लागते, याचे इतके जुने आणि इतके जवळचे उदाहरण क्वचितच सापडेल.

आपण या प्रसंगाकडे बहुधा अभिमानाने पाहतो. परंतु त्यात एक कडू सत्यही आहे. हेतू चांगला होता, धैर्यही होते. पण हाती आलेला पुरावा पारखून घेतला गेला नव्हता. संपादकाचे पहिले काम हे छापण्याचे नसून खातरजमा करण्याचे आहे. जो संपादक तपासत नाही, तो वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या विरोधकांच्या हाती आयते शस्त्र देतो.

दुसरा धडा: नाव न सोडण्याचा

पुढे १८९७ साली पुण्यात प्लेग आणि त्याच्या बंदोबस्तातील जुलूम यांनी लोक हैराण झाले. त्या जून महिन्यात ‘केसरी’त शिवाजीमहाराजांच्या तोंडी घातलेले एक काव्य प्रसिद्ध झाले. त्याखाली लेखकाच्या नावाऐवजी भवानी तलवारीची निशाणी होती. त्या काव्यावर आणि शिवराज्याभिषेक उत्सवाच्या वृत्तान्तावर सरकारने राजद्रोहाचा खटला भरला. आरोपी दोन: टिळक आणि मुद्रक केशव महादेव बाळ. म्हणजे नावाच्या ओळीने जुळाऱ्यांच्या खोलीपर्यंत हात पोहोचवला होता. मुद्रक सुटले. टिळकांना १४ सप्टेंबर १८९७ रोजी अठरा महिन्यांची सक्तमजुरी झाली. माफी मागावी, असे सुचविणारे हितचिंतक कमी नव्हते. टिळकांनी ते मानले नाही. ‘हे काव्य दुसऱ्याचे आहे, त्याला विचारा’ अशी वाटही त्यांनी धरली नाही. निशाणीमागचा कोणी तुरुंगात गेला नाही. तळाशी ज्याचे नाव होते, तो गेला.

आपल्या विदर्भाला या परीक्षेला बसावे लागले ते १९०८ साली. त्या वर्षी मुंबईत ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांना १९ महिन्यांची आणि टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. टिळकांच्या खटल्यात नऊ ज्युरींपैकी सातांनी त्यांना दोषी ठरविले, दोघांनी निर्दोष मानले. त्यांच्या अपिलाच्या खटपटीसाठी अमरावतीचे दादासाहेब खापर्डे विलायतेला गेले. त्याच वर्षी यवतमाळच्या ‘हरिकिशोर’ पत्राचे संपादक पृथ्वीगीर गोसावी यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला. त्या पत्रातील लिखाणापायी बापूजी अणे यांची वकिलीची सनदही काही काळ काढून घेण्यात आली. नागपूरच्या ‘देशसेवक’चे संपादक अच्युत बळवंत कोल्हटकर यांना शिक्षा झाली. पुण्याच्या मानाने ही पत्रे लहान. त्यांच्यामागे ना मोठा वर्गणीदारवर्ग, ना नामांकित वकिलांची फौज. म्हणूनच त्यांची किंमत मला अधिक वाटते.

याच धरपकडीतील एक प्रसंग मात्र मनाला चटका लावणारा आहे. मराठी घराण्यातील माधवराव सप्रे नागपुरातून ‘हिंदी केसरी’ काढीत. त्यांनाही ऑगस्ट १९०८ मध्ये अटक झाली. घरच्यांच्या, विशेषतः वडील बंधूंच्या, दडपणापुढे ते टिकले नाहीत. माफी लिहून देऊन ते सुटले. पण सुटले ते केवळ तुरुंगातून. ती माफी त्यांच्या मनातून गेली नाही. त्यांनी मधुकरी मागून दिवस काढले, वर्ध्याजवळच्या रामदासी मठात आश्रय घेतला, ‘दासबोधा’चे हिंदी भाषांतर केले आणि पुढे टिळकांच्या ‘गीतारहस्या’लाही हिंदी रूप दिले. सप्र्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे. पण ज्याच्या घरी कोणी रडणारे आहे, त्यालाच ती माफी कशी लिहिली जाते हे कळेल. खटला केवळ संपादकावर होत नाही, त्याच्या घरावर होतो. गावात राहायचे असलेल्या बापाची काळजी करणारी आमची लेखिका मला येथे आठवली.

सरकारलाही हे माणसाचे मर्म ठाऊक होते. म्हणून १९१० चा प्रेस ॲक्ट आला. नव्या छापखान्याकडून पाचशे ते दोन हजार रुपये अनामत मागावी, मजकूर आक्षेपार्ह वाटल्यास ती जप्त करावी, पुन्हा काढायचे तर अनामत आणखी वाढवावी, अशी ती रीत होती. तुरुंगात घातलेला संपादक लोकनायक होतो; कर्जात बुडालेला छापखाना मात्र गुपचूप बंद पडतो. हा कायदा १९२२ साली रद्द झाला, पण त्यामागची युक्ती जुनी झालेली नाही.

तिसरा धडा: दार कोण अडवितो?

येथवर दार अडविणारे सरकार होते. पण तेवढेच सांगितले तर चित्र अपुरे राहील. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाले. त्याची जाहिरात पैसे देऊनही ‘केसरी’ने छापली नाही, याची नोंद बाबासाहेबांनी पुढे ‘बहिष्कृत भारता’त केली आहे. ज्या पत्राने स्वतःच्या स्वातंत्र्यासाठी एवढे सोसले, त्यानेच दुसऱ्याच्या आवाजाला जागा नाकारावी, ही विसंगती झाकण्यात अर्थ नाही. संपादकाच्या हातातील लाल पेन्सिल हीसुद्धा एक सत्ताच आहे. कोणाचा लेख टोपलीत जातो, कोणाचे गाव अंकात कधीच येत नाही, याचा हिशेब कोणत्याही न्यायालयात होत नाही. तो संपादकाने स्वतःच ठेवायचा असतो.

‘मूकनायक’वर संपादक म्हणून नाव होते पांडुरंग नंदराम भटकर यांचे. बाबासाहेब त्या वेळी मुंबईच्या सिडनहॅम या सरकारी महाविद्यालयात प्राध्यापक होते. पुढे ४ नोव्हेंबर १९४८ पासून घटनेच्या मसुद्यावर चर्चा सुरू झाली, तेव्हा मुद्रणस्वातंत्र्याचा वेगळा उल्लेख का नाही, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांच्या उत्तराचा भावार्थ असा, की संपादकाला नागरिकाहून वेगळा अधिकार नाही. तो लिहितो ते नागरिकाच्याच हक्काने, म्हणून वेगळा उल्लेख नको. आपल्या घटनेच्या १९ व्या कलमात भाषण व अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य आहे, वृत्तपत्र हा शब्द नाही, त्याचे कारण हे. याचाच दुसरा अर्थ असा, की वृत्तपत्राचे तोंड बांधले जाते तेव्हा ते केवळ संपादकाचे बांधले जात नाही. आपले सर्वांचेच बांधले जाते.

आणीबाणी आणि एक छोटे मासिक

स्वतंत्र भारतातील मोठी कसोटी आली ती २५ जून १९७५ च्या रात्री जाहीर झालेल्या आणीबाणीने. प्रकाशनपूर्व तपासणी सुरू झाली. मजकूर आधी सेन्सॉरला दाखवायचा, मगच छापायचा. वर्षअखेरीस आक्षेपार्ह मजकुराला प्रतिबंध करणारा वटहुकूम निघाला, संसदेतील कामकाजाच्या वृत्तांना असलेले संरक्षण काढून घेण्यात आले आणि प्रेस कौन्सिलही मोडीत निघाले. त्याच डिसेंबरात कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवतांनी लेखनस्वातंत्र्याचा कैवार घेतला. पुढे त्यांना तुरुंगवास घडला. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेले ‘साधना’ साप्ताहिक यदुनाथ थत्ते यांच्या संपादकत्वाखाली सरकारी रोषाला तोंड देत राहिले.

या काळातील सर्वांत बोधप्रद लढा एका छोट्या मासिकाने दिला. मिनू मसानी हे मुंबईहून ‘फ्रीडम फर्स्ट’ नावाचे इंग्रजी मासिक काढीत. ऑगस्ट १९७५ च्या अंकातील अकरा मजकूर सेन्सॉरने नाकारले. मसानींपुढे तीन वाटा होत्या. मुकाट्याने ते मजकूर गाळणे ही पहिली. अंक चोरून छापणे ही दुसरी. आणि ‘मी संपादक आहे, हा निर्णय बेकायदा आहे’ असे स्वतःच्या नावाने न्यायालयात सांगणे ही तिसरी. त्यांनी तिसरी वाट धरली.

मुंबई उच्च न्यायालयाने आधी त्यांचा अर्ज मान्य केला. सेन्सॉरतर्फे अपील झाले, ते न्यायमूर्ती मादन आणि न्यायमूर्ती कानिया यांच्यापुढे चालले आणि १० फेब्रुवारी १९७६ रोजी त्याचा निकाल लागला. सेन्सॉरचा अधिकार हा सरकारवरील टीका बंद करण्याचा अधिकार नव्हे. सर्व पत्रांनी एकाच सुरात बोलावे हे पाहणे त्याचे काम नाही. संयत शब्दांतील मतभेद हा आणीबाणीतही नागरिकाचा हक्क आहे, असा त्या निकालाचा आशय होता. त्याच सुमारास शेजारच्या गुजरातेत, बडोद्याच्या ‘भूमिपुत्र’ या सर्वोदयी पत्राच्या वतीने चुनीभाई वैद्य यांनी केलेल्या अर्जावर तेथील उच्च न्यायालयानेही सेन्सॉरचे निर्बंध उडवून लावले.

ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी, की मोठमोठी दैनिके सावध पावले टाकीत असताना ही कामे थोडक्या खपाच्या नियतकालिकांनी केली. त्यांच्याजवळ गमावण्यासारखे थोडे होते, असे कोणी म्हणेल. मला वाटते, त्यांच्याजवळ एक मोठी गोष्ट होती: तळाशी असलेले नाव आणि आतला मजकूर यांच्यात तेथे अंतर नव्हते. आणीबाणी मार्च १९७७ मध्ये उठली. संसदीय वृत्तांना पुन्हा संरक्षण मिळाले, ते १९७८ च्या घटनादुरुस्तीने थेट घटनेत गेले. प्रेस कौन्सिलही नव्या कायद्याने परत आले. टिळकांना ज्या कलमाखाली शिक्षा झाली, ते १२४-अ मात्र २०२२ पर्यंत चालू होते. त्या वर्षीच्या ११ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्याचा वापर स्थगित ठेवला. जुलै २०२४ पासून आलेल्या न्यायसंहितेत तो जुना शब्द नाही; पण देशाच्या ऐक्याला धोका पोहोचविणाऱ्या कृत्यांविषयीचे १५२ वे कलम आहे आणि त्याच्या व्याप्तीवर वाद चालू आहे. म्हणजे हा धडा इतिहासाच्या तासापुरता नाही.

पुन्हा भित्तिपत्रकाकडे

आता सरांच्या प्रश्नाकडे येते. तो लेख मी तसाच लावला नाही. एका रविवारी आम्ही दोघीतिघी त्या गावी गेलो. टाकी होती, कोरडीही होती. पण लेखात ‘पाच वर्षांपासून’ असे होते, ते प्रत्यक्षात दोन वर्षे निघाले. ग्रामपंचायतीत विचारले, तेव्हा मोटार जळाली आहे आणि दुरुस्तीचा प्रस्ताव वर पाठविला आहे, असे उत्तर मिळाले. आम्ही वर्षांचा आकडा दुरुस्त केला, ग्रामपंचायतीचे म्हणणे शेवटी जोडले आणि सकाळी विहिरीवर किती मुली उभ्या होत्या ते मोजून लिहिले. लेखिकेचे नाव घातले नाही. तळाशी लिहिले: संपादक, आणि त्यापुढे माझे नाव.

तिसऱ्या दिवशी मला फोन आला. बोलणाऱ्याने आपले नाव सांगितले नाही. लेख कोणी लिहिला एवढेच विचारले. माझे हात थरथरत होते, हे कबूल करते. मी म्हणाले, “संपादक मी आहे. काही चुकले असेल तर सांगा, दुरुस्ती लावू.” पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही, मग फोन बंद झाला. दुरुस्ती कोणी कळविली नाही. नळाला पाणी आले, असे सांगता आले असते तर बरे झाले असते. या मजकुराचा मसुदा करीपर्यंत तरी ते आलेले नाही. ती मुलगी मात्र आता दुसरा लेख लिहीत आहे. या खेपेस स्वतःचे नाव घालायचे की नाही, ते तिने अजून ठरविलेले नाही, आणि मी तिला विचारलेलेही नाही.

भित्तिपत्रकाचा एक कागद आणि मंडालेचा तुरुंग यांची तुलना मी करीत नाही. ती हास्यास्पद ठरेल. परंतु प्रश्न दोन्हीकडे एकच आहे. जे छापले ते तपासले होते काय? ज्याचे म्हणणे आपल्याला रुचत नाही, त्याला जागा दिली काय? आणि विचारणा झाली तेव्हा तळाच्या नावाचा माणूस जागेवर होता काय? या तीन प्रश्नांना ज्याला ‘होय’ म्हणता येते, तो संपादक. मग त्याचे पत्र लाखांच्या खपाचे असो की जिन्याखालच्या फलकावर चार टाचण्यांनी लावलेले असो. हा अंक वाचून संपला की शेवटच्या पानाची ती बारीक ओळही एकदा वाचावी, एवढीच विनंती.